पांढऱ्या पँटची परीक्षा

बुटाचं पॉलिश गाडीच्या सीटला लावायचं नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बूट चामड्याचा, सीटही चामड्याची. डबीवर तपकिरी लिहिलेलं, सीटही तपकिरी. पन्नाशीच्या माणसाला याहून जास्त पुरावा काय लागतो? पोरगा शाळेत होता तेव्हापासून घरात पडून असलेली डबी मी काढली, ब्रश मारला आणि जुन्या बनियनने घासून घासून ड्रायव्हरची सीट अशी चमकवली की तिच्यात माझं तोंड दिसायला लागलं. त्या आनंदात सीटवर बसलो, आरसा नीट केला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि उभ्या गाडीत मनातल्या मनात शिर्डीपर्यंत जाऊन आलो. मग उतरून तसाच स्कूटर काढून ऑफिसला गेलो.

पँट फिकट बदामी होती.

जिना चढताना मागून शिपाई म्हणाला, “साहेब, कुठं बसला होता?”

“गाडीत,” मी जरा ऐटीतच म्हणालो.

“कशाची हाय गाडी? काकवीची?”

तो सगळा दिवस मी भिंतीला पाठ लावून काढला. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा नमस्कार करून उलट पावलांनी बाहेर आलो. एवढा आदर मी नोकरीत आजवर दाखवला नव्हता, त्यामुळे साहेबांना उगाच संशय आला.

गाडी माझी असती तर हसण्यावारी नेलं असतं. पण ती होती बायकोच्या थोरल्या भावाची. हे दादा सोनईचे. ऊस, कांदा, सोसायटीचं राजकारण आणि बारा महिने कडक इस्त्रीचे पांढरे कपडे. त्यांनी ही गाडी घेतली, जुनीच पण मोठी आणि आतून अस्सल चामड्याची, तेव्हापासून बायकोच्या मनात एक काटा होता. आधी हाच भाऊ भाऊबीजेला मोटारसायकलवर यायचा आणि जाताना बहिणीला मागे बसवून माहेरी न्यायचा. गाडी आली आणि नेणं बंद झालं. नगरला आले की उभ्याउभ्या चहा घ्यायचे आणि “तायडे, तू ये सावकाश बसनं,” म्हणून निघून जायचे. गाडीत मागची अख्खी सीट मोकळी. बायको फक्त म्हणायची, “मोठा झालाय आता दादा.” त्या दिवशी भांडी मात्र जरा जोरात घासली जायची.

आता दादांच्या मुलीचं पुणतांब्याला ठरलं होतं. रविवारी मुलाकडे टिळ्याचा कार्यक्रम. त्याआधी दादा मित्रांबरोबर रेल्वेने बालाजीला निघाले आणि गाडी आमच्या आवारात लावून गेले. रविवारी सकाळी स्टेशनवरून आमच्याकडे, कपडे बदलून गाडीत, आणि थेट पुणतांबा, असा बेत. जाताना मला म्हणाले, “दाजी, गाडी हलवू नका. आन् सीटवरचं टॉवेल काढू नका बरं का.” सगळ्या सीटांवर पुढाऱ्यांच्या गाडीत असतात तसे पांढरे टॉवेल. आणि आम्ही? “तुमी दोघं बसनं या. स्टँडवर मानूस धाडतो.”

“म्हणजे आपल्या दारातून गाडी रिकामी निघणार,” बायको म्हणाली, “आणि सख्खी आत्या बसनं जाणार.”

म्हणून मी ठरवलं, गाडी आतून चकाचक करायची. दादा खूश होतील, म्हणतील, “बसा की!” टॉवेल धुवायला काढले. त्यांच्या खालच्या बाजू तपकिरी झाल्या होत्या. सोनईची माती असेल, म्हटलं. खालचं चामडं फिकटलेलं, उजव्या कडेला भेगाळलेलं दिसलं, आणि मला डबी आठवली.

संध्याकाळी बायकोने माझी पँट पाहिली, मग गाडी पाहिली आणि पायरीवर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. “आता तो मला टिळ्यालाच नको म्हणेल,” एवढंच म्हणाली.

तेवढ्यात खालच्या खिडकीतून आवाज आला, “आत या. पाठमोरे या.”

हे आमचे घरमालक. आम्ही वर राहायचो, ते आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या बाई, खाली. मिशनच्या शाळेत ड्रॉइंगचे मास्तर होते. निवृत्त झाले पण मास्तरकी सुटली नाही, फक्त पोरांऐवजी मोटारींच्या सीटा समोर आल्या. कुणाच्याही गाडीचं चामडं विटलं, तडकलं, फाटलं की सर ते घरी दुरुस्त करायचे. दुकान नाही, पाटी नाही. गाडी पोर्चमध्ये यायची, पाना घेऊन सर सीटा उपटायचे आणि थेट दिवाणखान्यात नेऊन ठेवायचे.

त्यामुळे त्या घरात सोफा कधी आलाच नाही. “आमच्याकडं पाहुनं गाडीतच बसत्यात,” बाई म्हणायच्या, “निस्ती गाडी नसती.” बाई निवृत्त नर्स. त्यांचं सगळं आयुष्य पेशंटमध्ये गेलं आणि म्हातारपणी घरात पुन्हा पेशंट, तेही असे की ज्यांना डिस्चार्ज कधी मिळेल ते डॉक्टरलाच ठाऊक नाही. एकदा चर्चचे नवे पाळक पहिल्यांदाच घरी प्रार्थनेला आले. सरांनी त्यांना मानाच्या सीटवर बसवलं. डोळे मिटून प्रार्थना रंगात आली, पाळकांचा हात नकळत बाजूच्या खटक्यावर गेला आणि पाठ धाडकन मागे पडली. पाळक छताकडे तोंड करून आडवे. प्रार्थना मात्र थांबली नाही. सर नंतर म्हणाले, “खटका उत्तम चालतो, हे कळलं.”

सीट पाहून ते माणूस सांगायचे. “उजवी कड झिजली म्हणजे हा घसरत उतरतो. पाय आधी बाहेर, जीव मागून.” एका डॉक्टरांच्या सीटचा मधला भाग खोल बसला होता. सरांनी त्यांना सगळ्यांदेखत विचारलं, “घरी पोचल्यावर गाडी बंद करून तुम्ही आत किती वेळ बसून राहता?”  डॉक्टर पुढच्या वेळी आले तेव्हा बायकोला बरोबर घेऊन आले. सरांनी मग त्या दोघांना दोन सीटांवर शेजारी बसवून चहा पाजला.

चमक त्यांना खपायची नाही. “चामडं चकाकलं की समजावं, कुणीतरी काहीतरी लपवतंय.” रंग स्वतः मिसळायचे आणि त्यांना नंबर द्यायचे नाहीत, गावांची नावं द्यायचे. धुळकट फिकट तपकिरी म्हणजे ‘पारनेर’. तांबूस, गुळासारखा म्हणजे ‘सोनई’. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने शेड नंबर विचारला तर म्हणाले, “हा पारनेर आहे. मे महिन्यातला.” तो माणूस वाद घालायला लागला, तर त्याला उन्हात नेऊन त्याच्या बुटावरची धूळ दाखवली. धूळ पारनेरचीच निघाली की नाही मला माहीत नाही, पण रंग जुळला हे खरं.

या रंगांच्या बाबतीत त्यांची एकदाच फजिती झाली. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले आणि पट्टी सुटल्यावर सरांनी दिवाणखान्यातल्या सीटा पाहिल्या. बराच वेळ पाहत राहिले. इतकी वर्षं पिवळट काचेतून जग बघत होते. सगळे पारनेर जरा निळसर झाले होते! दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकेका गिऱ्हाइकाला फोन लावले, “तुमच्या सीटचा रंग मी चुकवलाय, परत आणा.” लोक म्हणायचे, “सर, छान आहे की, कुणाला कळतसुद्धा नाही.” सर म्हणायचे, “मला कळलंय ना.” बाई मागून ओरडायच्या, “आवं, लोकाच्या गाड्या का बलावताय? निस्तरा की आधी हाईत त्या!” पण काही गाड्या खरंच परत आल्या, आणि सोफ्याचा विषय पुन्हा लांबला.

पण सरांची खरी ओळख म्हणजे त्यांची पांढरी पँट. ती फक्त रविवारची. दुरुस्त झालेली गाडी मालकाला द्यायच्या आधी सर ती पँट घालून तिच्यात बसणार आणि चर्चला जाणार. सर स्वतः गाडी शिकलेच नव्हते, म्हणून मालकानेच चालवायची. जाताना सर मुद्दाम सीटवर घासाघास करणार, घसरत उतरणार, परत येताना तेच. घरी आल्यावर बाईंपुढे पाठमोरे उभे राहणार. पँट पांढरी राहिली तर गाडी पास. पिवळसर छटा जरी दिसली तरी नापास, सीटा पुन्हा दिवाणखान्यात. चर्चच्या अख्ख्या मंडळीला हे ठाऊक होतं. उपासना सुटली की दारात हात जोडून उभे असलेले पाळकसुद्धा आधी सरांना पुढे जाऊ द्यायचे आणि मागून बघायचे.

तर त्या संध्याकाळी मी पाठमोरा आत गेलो. सरांनी माझ्या पँटचा डाग बोटाने चोळला, वास घेतला आणि म्हणाले, “बुटाचं.”

“हो सर.”

“अजून शिक्षक असतो तर बाकावर उभं केलं असतं. आता या पँटने बाकावर नको.”

मग बॅटरी घेऊन गाडीपाशी आले. ड्रायव्हरची सीट पाहिली, शेजारची पाहिली, मागची पाहिली. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस सगळीकडे फिरवला. प्रत्येक बोळा तपकिरी.

“सगळ्याच सीटा काढाव्या लागतील,” ते म्हणाले.

“पण सर, मी तर एकाच सीटला लावलं.”

“तेच म्हणतोय. तुमच्या आधी एक होऊन गेलाय.”

“कोण?”

“डॉक्टर एका पेशंटचं दुसऱ्याला सांगत नाही,” असं म्हणून त्यांनी पाना मागितला. कुणी जुना मालक असेल, असं मी धरून चाललो. माझं डोकं तेव्हा एकाच ठिकाणी अडकलं होतं: रविवार.

ते दिवस मी ऑफिसातून आलो की खालीच असायचो. स्पिरिटने मेण काढायचं, फेसाने मऊ ब्रशने धुवायचं, बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवायचा. भिंतीला पुट्टी भरतात तसा भेगांत मसाला भरायचा, पातळ, आणि वाळला की पुन्हा पातळ. “दाबू नका!” सर ओरडायचे. “चामडं आहे, कणीक नाही.” मग स्पंजाने रंग टिपायचा. ओढायचा नाही, टिपायचा. बाईंच्या मुलीचा जुना हेअर ड्रायर मी सीटांवर धरून बसायचो आणि बायको वरून येता-जाता बघायची.  एकदा तिने विचारलं, “सर, रविवारपर्यंत होईल ना? पुणतांब्याला टिळा आहे भाचीचा.”

“पुणतांबा?” सरांनी वाटीतला रंग हलवला. नदीकाठच्या ओल्या गाळासारखा गडद. “मग नाव सापडलं.”

शेवटचा, बिनचमकीचा थर शनिवारी चढला आणि सीटा गाडीत बसल्या. मी सुस्कारा सोडला आणि चावीला हात घातला.

“परीक्षा राहिली,” सर म्हणाले.

“सर, उद्या सकाळी दादा येताहेत! आल्या आल्या निघायचंय.”

“उद्या रविवारच आहे,” सर शांतपणे म्हणाले. “परीक्षा झाल्याशिवाय निकाल नाही.”

मी बाईंकडे पाहिलं. बाईंनी पँटला इस्त्री करायला घेतली होती.

रविवारी मी जीव मुठीत धरून सरांना चर्चला नेलं. ते शेजारी बसून एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला अंग घासत होते, खाज सुटलेल्या म्हशीसारखे. उपासना लांबली. पाळकांनी नेमकं त्या दिवशी संयमावर प्रवचन केलं. आम्ही परत आवारात शिरलो तर दादा उभे. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, टोपीखाली बालाजीचा चकोट. हातात चहाचा कप, तसाच थंड झालेला. त्यांनी गाडी कुठंय म्हणून विचारलं होतं आणि बायकोने घाबरून खरं तेच सांगितलं होतं: चर्चला गेलीय. त्यावर दादा, “माझी गाडी? चर्चला?” एवढं म्हणून जे फाटकाकडे बघत उभे राहिले ते राहिलेच.

मी उतरलो आणि मनात जुळवलेली वाक्यं तोंडात आणायला लागलो. पण दादांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. गाडीचं दार उघडून आत डोकावले आणि एकदम पांढरे पडले, कपड्यांच्या वरताण.

“टॉवेल कुनी काढलं?”

“मी. धुवायला म्हणून…”

“आन् बसलं कोन त्याच्यावर?”

“मी,” सर म्हणाले आणि दादांकडे पाठ करून वाकले. “पाहा.”

सोसायटीच्या चेअरमनपदाला उभे राहिलेले दादा एका निवृत्त मास्तरांच्या पँटची मागची बाजू बघत उभे राहिले. बाई चष्मा घालून आल्या, त्यांनी पँट ताणून पाहिली आणि जाहीर केलं, “पांढरी फेक हाय.”

दादांचा विश्वास बसेना. त्यांनी सीटवर बोट घासलं, बोट पाहिलं. खिशातून पांढरा रुमाल काढला, थुंकी लावली, जोर लावून घासलं. रुमाल पांढराच.

“निघंना,” ते पुटपुटले.

“काय निघत नाही, दादा?” बायकोने विचारलं.

दादांनी रुमालाची घडी घातली. सरांनी वर्गातला आवाज काढला, “उभे राहा आणि सांगा. इथे कुणी हसणार नाही.”

दादा उभेच होते, पण आणखी सरळ झाले. “पालिश लावलं हुतं म्या,” ते म्हणाले. “गाडी घेतली तवाच. इटलेली दिसती म्हनून. बुटाचं.”

मला एकदम हलकं हलकं वाटलं. इतकं की राहवलं नाही. “कुठल्या रंगाचं?”

“तपकिरी. डबीवर लिव्हलं हुतं की!”

मग सगळं बाहेर आलं. पॉलिश लावल्यावर पहिल्याच लग्नाला वहिनी त्या सीटवर बसल्या आणि त्यांची मोतिया पैठणी मागून गेली. वहिनींनी भर मांडवात ऐकवलं. दादांनी पॉलिश काढायला काय काय फासलं, ते आणखी आत मुरलं. शेवटी टॉवेल अंथरले. लोकांना वाटलं, दादा आता पुढारी झाले. दादांनीही वाटू दिलं. “पर टॉवेल सरकत्यात,” ते म्हणाले. “तवापासनं बाईमानसाला गाडीत घेतलं न्हाई. कुनाची साडी ग्येली तर काय तोंड दाखवू?” हे बोलताना ते बहिणीकडे बघत नव्हते, टायरकडे बघत होते.

बायकोने पदर सावरला. तिने त्या दिवशी फिकट लिंबू रंगाची साडी नेसली होती, बसच्या प्रवासाला अजिबात न चालणारी. आधीच ठरवून नेसली होती की काय, मी अजून विचारलेलं नाही.

“तायडे,” दादा म्हणाले, “बस की फुडं.”

ती सीटकडे बघत क्षणभर थांबली.

“बसा!” सर ओरडले. “मी बसलोय त्यावर!”

ती बसली. मी मागे. गाडी फाटकातून निघताना सर काठी आपटत मागून आले. “पोचल्यावर तिघे पाठमोरे उभे राहा आणि फोटो पाठवा. लांबच्या प्रवासाची परीक्षा वेगळी असते!”

पुणतांब्यात मांडवाच्या दारात मुलाकडचे हारतुरे घेऊन उभे होते. आम्ही उतरलो, गाडीकडे तोंड करून आणि पाहुण्यांकडे पाठ करून ओळीत उभे राहिलो आणि दादांनी आधीच येऊन थांबलेल्या पुतण्याला फोटो काढायला लावला. व्याही गोंधळले. “ही पद्धत हाय का तुमच्यात?” त्यांनी हळूच विचारलं.

“व्हय,” दादा छाती काढून म्हणाले. “आमच्यात टिळ्याआधी असंच उभं ऱ्हात्यात.”

व्याह्यांकडच्या एका म्हाताऱ्या आजोबांनी मग मानाने टोपी काढली. सरांचं उत्तर लगेच आलं: तिघेही उत्तीर्ण. मधल्याने ताठ उभे राहावे. मधला मी होतो.

येताना दादांनी आम्हाला थेट दारापर्यंत सोडलं. राहुरीला चहाला थांबलो तेव्हा बहीण-भाऊ बाहेर उतरलेच नाहीत. गाडीतच बसून लहानपणीचं काहीतरी बोलत राहिले, मी काचेतून कप आत देत होतो.

पुढे आम्ही आमच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. सर अजून तिथंच आहेत, सोफा अजून नाही. नव्या हॉलमध्ये बसलं की मला कधी कधी बाजूला खटका सापडत नाही म्हणून चुकल्यासारखं होतं.

त्या दिवशी घरी आल्यावर बायकोने साडी बदलली, ती उलटसुलट करून खिडकीपाशी नीट पाहिली आणि घडी घातली. “इतकी वर्षं मला वाटायचं, दादाला माझी लाज वाटते,” ती म्हणाली. “त्याला सीटची वाटत होती.” मग दोरीवरचे धुतलेले टॉवेल काढून तिने आमच्या कपाटात तळाशी सरकवले.

“हे परत द्यायचे नाहीत,” ती म्हणाली. “दिले तर तो पुन्हा अंथरेल.”